सेगरला "चोकर" म्हणणाऱ्यांसाठी

लेफ्टबॅक_नाशिक: काल एकाने लिहिलं, स्वीडनच्या महिला फुटबॉल टीमची माजी कॅप्टन कॅरोलीन सेगर म्हणजे "चोकर, 240 मॅच खेळून ऐनवेळी एक पेनल्टी घालता आली नाही". सोडून देणार होतो पण डोकं फिरलं. टोकियो ऑलिम्पिकची फायनल, कॅनडाशी 1-1, शूटआउटमध्ये स्वीडन 2-1 पुढे आणि पाचवी किक. घातली की गोल्ड. 36 वर्षांची कॅप्टन स्वतः पुढे झाली, बॉल बारवरून गेला, मान्य. पण त्याच शूटआउटमध्ये तिच्याच टीममधल्या अस्लानीची किक पोस्टला लागली, आन्वेगोर्डची अडवली, शेवटी आंडर्सनचीही अडवली. त्यांना कोण चोकर म्हणतं? 2005 पासून 2023 पर्यंत देशासाठी खेळली, युरोपातली एकही बाई एवढ्या मॅच खेळलेली नाही आणि तुम्ही एका किकवर निकाल लावून मोकळे.

स्कोअरबोर्ड: तो "एक" मीच. यादी बघ. 2014 चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल, तिचा स्वीडिश क्लब ट्युरेसो 2-0 पुढे, तरी जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गकडून 4-3 ने हार. 2015 ला पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून खेळताना तीच फायनल, पुन्हा हार. 2016 रिओ ऑलिम्पिक फायनल, जर्मनीकडून हार. मग 2021, टोकियो. आणि 2017 ला फ्रान्सच्या ल्यों क्लबमध्ये असताना चॅम्पियन्स लीग मिळाली ती ट्रॉफी त्या टीमच्या बसमध्ये नुसतं बसलं तरी मिळायची.

मिडफिल्डची_मावशी: फायनल हरायला आधी फायनलला पोचावं लागतं हो दादा. आणि 2009 विसरलात सोयीने, तिच्या तेव्हाच्या क्लबने, लिंशोपिंगने, स्वीडनची लीग आणि कप दोन्ही जिंकले, तिला डायमंड बॉल, म्हणजे स्वीडनच्या वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान मिळाला. ती डिफेन्सच्या पुढ्यात उभी राहून बॉल हिसकावून दुसरीला देणारी, तुम्ही हायलाइट्स बघता त्यात ती दिसणारच नाही. ट्युरेसोचं म्हणाल तर ती फायनल खेळली तेव्हा क्लबचं दिवाळं निघायला आलं होतं, पुढच्याच महिन्यात लीगमधून बाहेर. मार्ता, सेगर, बोकेटे, टीममधल्या सगळ्या स्टार दुसरीकडे. अशात 3-2 पर्यंत पुढे होत्या हेच खूप.

राहुल_फॅन_19: थोडक्यात सेगर म्हणजे द्रविड. टिकून राहणं हीसुद्धा कला आहे.

स्कोअरबोर्ड: झालं, आलं क्रिकेट. द्रविड कॅप्टन असताना 2007 ला बांगलादेशकडून हरलो तेही लिहा मग.

राहुल_फॅन_19: त्या वर्ल्ड कपचं खापर एकट्या द्रविडवर?? टीममध्ये कोण कोण होतं बघा जरा! आणि धोनी 2011 ला युवराजच्या आधी आला तर महान, सेगर पाचवी किक घ्यायला आली तर चोकर.

स्कोअरबोर्ड: धोनीने सिक्स मारला. फरक एवढाच.

बाणेरचा_बंड्या: म्हणजे निकाल बघून धाडस ठरवायचं. 2023 च्या टी20 सेमीफायनलला हरमनप्रीतची बॅट अडकली, रनआउट, 5 रनांनी हरलो, तेव्हा लोकांनी काय काय लिहिलं होतं आठवतंय का? तीच बाई 2025 ला डी. वाय. पाटीलला वर्ल्ड कप उचलते. तो हरली असती तर जन्मभर बॅटच अडकलेली राहिली असती.

राहुल_फॅन_19: आणि कोच अमोल मुझुमदार! भारताकडून एक मॅच नाही. त्यावर कोणी बोलत नाही.

स्कोअरबोर्ड: सगळेच बोलतात, जरा बाहेर या. धागा सेगरचा आहे.

कोल्हापूरची_दहा_नंबर: पाचवी किक कुणी घ्यायची यावर घरात बसून बोलणं सोपं असतं. युनिव्हर्सिटीला असताना आमची मॅच पेनल्टीवर गेली, सरांनी विचारलं कोण घेणार, तर निम्म्या पोरी बुटाची लेस बांधायला खाली वाकल्या. मी गेले. घातली नाही. एक जण अजून भेटली की तेवढंच काढते, स्वतः वाकलेली हे मात्र सांगत नाही. त्यामुळं सेगरला चोकर म्हणणाऱ्याशी मी नीट बोलूच शकत नाही, सॉरी.

स्कोअरबोर्ड: ताई तुमच्याबद्दल वाईट वाटलं पण तुमच्या लेसवरून ऑलिम्पिकचा निकाल बदलत नाही.

कोल्हापूरची_दहा_नंबर: तुम्ही कधी किक मारलीय का? टीव्हीसमोर सोडून?

लेफ्टबॅक_नाशिक: अरे हळू. बाय द वे, 2011 वर्ल्ड कपला स्वीडनला तिसऱ्या नंबरवर नेणारा कोच थॉमस डेनरबी, तोच पुढे आपल्या मुलींचा कोच होता. 2022 आशियाई कप, आपल्याच अंगणात, इराणशी 0-0, मग निम्मी टीम कोविडने आडवी आणि स्पर्धेतून बाहेर. सेगर निदान किक मारायला मैदानावर होती, आमच्या पोरींना तेवढंही मिळालं नाही.

मिडफिल्डची_मावशी: ते आठवलं की अजून चीड येते.

स्कोअरबोर्ड: बरं, चोकर मागे घेतो, दहा नंबरवाल्या ताईंच्या भीतीने. पण 2023 च्या वर्ल्ड कपला 38 व्या वर्षी, दुखापत घेऊन, जेमतेम मैदानावर दिसणारी खेळाडू टीममध्ये कशाला? एखाद्या तरण्या पोरीची जागा गेलीच ना.

मिडफिल्डची_मावशी: तिसऱ्या आल्या तरीही. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात 2-0. ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी लागतं की नाही?

स्कोअरबोर्ड: ड्रेसिंग रूमसाठी कोच असतो.

राहुल_फॅन_19: हेच 2007 ला आपल्या कोच चॅपेलबद्दल म्हणायला हवं होतं.

लेफ्टबॅक_नाशिक: राहुलभाऊ, वेगळा धागा काढा, प्लीज.