घाण्याच्या करडई तेलाला नाव सुचवा (सेलू, जि. परभणी)

करडईवाला:
राम राम मंडळी. सेलूजवळ गावात लाकडी घाणा टाकलाय. करडई मुख्य, शेंगदाणा आणि जवस ऑर्डर आली की. आजवर तेल कॅनमधून घरोघरी जायचं, नावाची गरजच पडली नाही. आता पुण्याहून मागणी यायलीय, म्हणजे बाटली आली, लेबल आलं. वडिलांना 'श्री साई' पाहिजे, बायकोला 'गोदाई', भाच्याला 'मराठवाडा प्युअर नॅचरल'. मला 'दुधना' आवडतंय, आमची नदी हाय. काय ठेवावं?

जिंतूररोड:
साई नका ठेवू राव, पाथरी-सेलू पट्ट्यात दर दुसऱ्या पाटीवर साई हाय. आन दुधना? पुण्यातलं माणूस विचारल, दूध हाय का तेल? 'घाणा' शब्दसुद्धा नावात नको. इंग्रजीत लिहिला की आफ्रिकेतला देश होतोय, मराठीत छापणाऱ्यानं काना खाल्ला की घाण.

चटणीताई_लातूर:
माझा चटण्या-मसाल्यांचा धंदा आहे, त्या अनुभवावरून सांगते. भाच्याचं नाव आधी बाजूला ठेवा. 'मराठवाडा' म्हणजे जागा, 'प्युअर' आणि 'नॅचरल' म्हणजे मालाची स्तुती. असे शब्द कुणा एकाच्या मालकीचे होत नाहीत. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येणारच समजा. शिवाय एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनुसार असं विशेषण नावात असेल आणि गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाचा खुलासा किमान ३ मिमी अक्षरांत छापावा लागतो. स्वतःच्याच बाटलीवर स्वतःच्याच तेलाबद्दल असं छापायची हौस आहे का?

'गोदाई' गोड आहे, पण गोदाकाठी ते आणखी कितीजणांना सुचलं असेल! लेबलवाल्याला पैसे देण्याआधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या, साइटवर पब्लिक सर्च करा. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, खाद्यतेल वर्ग २९ मध्ये येतं. फोनेटिक शोधही लावा, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असला तरी अडतं. एकट्याच्या नावानं ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) ही खूण आत्तापासून लावता येते. गोलातला आर मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

करडईवाला:
ताई, लई उपकार. मग 'परभणी कुसुम' कसं वाटतंय? आम्ही तीच करडई पेरतो.

बांधावरचा:
अहो, ते कृषी विद्यापीठाच्या वाणाचं नाव आहे. उद्या शेजारी तीच करडई गाळून तेच नाव लावील, त्याला कोणत्या तोंडानं अडवणार? बाटलीच्या मागच्या बाजूला खुशाल लिहा, 'परभणी कुसुम वाणाची करडई'. जाणकार माणूस तेवढ्यावर बाटली उचलतो. पण त्या खेपेच्या गाळपाला खरंच तीच करडई असेल तरच. बाजारातून मिसळ माल आणला तर ती ओळ काढा.

नाव म्हणून शेतातलाच पण तेलाशी थेट संबंध नसलेला शब्द घ्या. 'पाभर' किंवा 'तिफन', दोन्ही पेरणीची अवजारं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते फोनवर सांगायला लावा. पलीकडच्याला एका दमात कळलं तरच पुढं जा.

करडईवाला:
आईनं पुण्याला फोन लावला. 'पाभर' म्हटलं तर तिकडून "पापड का?" आलं 😄 'तिफन' पहिल्या दमात कळलं. वडील अजून फुगलेत. आज सर्च करतो, कुणाचं निघालं तर परत तुमच्या दारात. पेंडीच्या पोत्यावरही हेच छापू का?

चटणीताई_लातूर:
छापा, पण पेंड वर्ग ३१ मध्ये येते, तिची फी वेगळी. सध्या तेलापुरताच अर्ज भरा. पेंड गावातच खपते ना? म्हैस काही लेबल वाचत नाही. आणि वडिलांना सांगा, 'श्री साई' घाण्याच्या पाटीवर लिहू. फक्त पाटी मराठीत करा, २०२२ पासून छोट्या दुकानांनाही ते सक्तीचं आहे.