सड्यावरील वनस्पतींची नोंद कशी करावी?

कातळवाट: रत्नागिरीजवळच्या आमच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, पहिल्या पावसानंतर दिपकाडीची पांढरी फुले येतात. दप्तरी हा सडा पडीक म्हणून नोंदलेला असल्याने, तेथे चिरेखाण सुरू होण्यापूर्वी वनस्पतींच्या नोंदी व्हाव्यात, अशी माझी कळकळ आहे. सुरुवात कोठून करावी?

रानवेल: केवळ फुलाचे छायाचित्र पुरत नाही. पानाची मागची बाजू, खोड, फळ, मातीची खोली, साचलेले पाणी आणि तारीख यांचीही नोंद हवी, कारण सीतेची आसवे किंवा गेंद यांसारख्या वनस्पती त्या उथळ, ओल्या थरावरच जगतात. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला जावे. दिपकाडीचे कंद मात्र कृपया उपटू नयेत. ती प्रामुख्याने कोकणपट्टीतच आढळते.

माळरान: ओळख पटली नाही, तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्राकडे विचारावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवली जाते. तिच्यात ही माहिती, गुराख्यांच्या तोंडची नावे धरून, अवश्य नोंदवावी. दुर्मीळ वनस्पतीचा नेमका ठिकाणा येथे उघड करू नये.

कातळवाट: आभारी आहे. येत्या जूनपासून वही घालतो. नावांसाठी आधी वाडीतल्या आजींकडे जाईन.