जे-कोडच्या औषधांवर डॉक्टरला 6 टक्के कशाला?

रात्रपाळीवाला: मी हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कॅन्सर क्लिनिकांचं बिलिंग करतो. तिकडे सलाइनमधून किंवा इंजेक्शनने क्लिनिकमध्येच द्यायची औषधं डॉक्टर आधी पदरचे पैसे घालून विकत घेतात, पेशंटला देतात आणि मग जे-कोड, म्हणजे त्या औषधाचा बिलिंग कोड, टाकून मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी विम्याला, बिल लावतात. मेडिकेअरच्या पार्ट बी या डॉक्टर-क्लिनिकच्या भागातून मिळतं एएसपी, म्हणजे सवलती वजा जाऊन कंपनीला मिळालेली सरासरी किंमत, आणि वर 6 टक्के. माझं म्हणणं, हे टक्के बंद करा, ठरावीक रक्कम द्या. 100 डॉलरच्या औषधावर 6 आणि 10 हजारांच्या औषधावर 600? फ्रीज तोच, नर्स तीच, सलाइन लावायचे पैसे तर 96413 या कोडने वेगळे मिळतातच. मग महागडंच लिहावंसं वाटणार नाही तर काय!

जर्सीकर: 600 वाचून हसू आलं. मी इकडे क्लिनिक चालवते हो. सीक्वेस्ट्रेशनमुळे, म्हणजे सरकारी खर्चातल्या सरसकट कपातीमुळे, सरकारच्या 80 टक्के वाट्यातले (बाकी 20 पेशंटचे) 2 टक्के कापले जातात, म्हणजे 10,600 च्या बिलात 170 गेले, 600 चे 430 उरतात. त्यात एएसपी दोन तिमाही जुनी, मधे भाव वाढला तर फरक आम्ही सोसायचा. आणि सरासरी म्हटली की कुणीतरी तिच्यापेक्षा महाग घेतंच ना, ते आम्ही छोटे लोक. क्लेम परत आला की 10 हजार अडकले. नवीन औषधाला स्वतःचा कोड नसतो तेव्हा जे-9999 टाकून सोबत एनडीसी, म्हणजे पाकिटावरचा औषधाचा नंबर, आणि कागदपत्रं जोडा आणि वाट बघा.

जुना_कोडर: 2004 च्या आधीचं आठवतंय का कुणाला? एडब्ल्यूपीच्या 95 टक्के मिळायचे, आणि एडब्ल्यूपी म्हणजे आपल्याकडच्या छापील एमआरपीसारखं, त्या भावाने खरेदी कुणीच करत नव्हतं. 2003 च्या कायद्याने ते मोडलं. त्यामानाने 6 टक्के म्हणजे सज्जनपणा.

नेत्रा: टक्केवारीने डॉक्टर महाग औषधाकडे वळतात हे इतकं सरळ नाही. डोळ्यांचंच बघा. 2011 च्या सुमारास ल्युसेंटिस या डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा डोस साधारण 2 हजार डॉलर होता, आणि अवास्टिन हे मूळचं कॅन्सरचं औषध छोट्या सिरिंजमध्ये भरून घेतलं तर 50-60. त्याच वर्षीच्या कॅट ट्रायलमध्ये, म्हणजे दोन्हींची तुलना करणाऱ्या चाचणीत, परिणाम सारखाच निघाला. 6 टक्क्यांचे 120 डॉलर सोडून 3 डॉलर घ्यायचे होते, तरी तिकडचे कितीतरी डॉक्टर अवास्टिननेच सुरुवात करतात.

रात्रपाळीवाला: करतात, पण बऱ्याचदा इन्शुरन्सवाले करायला लावतात म्हणून. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजला, म्हणजे खाजगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर योजनांना, 2019 पासून पार्ट बी औषधांना स्टेप थेरपी लावायची मुभा आहे, आधी स्वस्त, मग महाग. आणि मी काही नवीन बोलत नाहीये, 2016 मध्ये सरकारनेच प्रस्ताव आणला होता, एएसपी अधिक 2.5 टक्के अधिक 16.80 डॉलर. 100 च्या औषधावर 19.30, 10 हजारांवर 266.80. एवढा गदारोळ झाला की गुंडाळून ठेवला.

जर्सीकर: गदारोळ उगीच नव्हता, दादा. 266 मधून सीक्वेस्ट्रेशन गेलं की जेमतेम 102 उरतात, मग क्लिनिक हॉस्पिटलला विकायचं. हॉस्पिटलच्या आवारात तेच सलाइन लावायला मेडिकेअर जास्त पैसे मोजतं, वर 340बी या सवलतीच्या सरकारी योजनेत बसणारं हॉस्पिटल औषध सवलतीत घेतं आणि बिल मात्र पूर्ण लावतं. बचत कुणाची झाली सांगा?

एक_वायल: तुमचे टक्के चालू द्या, पण जेझेड मॉडिफायरवर, म्हणजे बिलातल्या कोडला जोडायच्या त्या दोन अक्षरांवर, कुणीतरी बोला रे! वायलमधलं औषध उरून फेकलं तर जेडब्ल्यू, हे समजू शकतो. जुलै 2023 पासून काहीच फेकलं नाही तरी जेझेड लावायचा. काही केलं नाही याची पण नोंद!

जुना_कोडर: नोंद हवीच. मोठ्या वायल विकून फेकलेल्या औषधाचे पैसे खाणाऱ्या कंपन्यांकडून आता परतावा घेतात. मॉडिफायर रिकामा सोडला की फेकलं नाही का लिहायचं राहिलं, कळणार कसं?

सासूबाईंची_सून: पेशंटचं पण बघा की. सप्लिमेंट, म्हणजे वरचा जोडविमा, नसेल तर 10,600 चे 20 टक्के, 2,120 डॉलर एका डोसला खिशातून. त्या 6 टक्क्यांतले 120 डॉलरही पेशंटच भरतो.

रात्रपाळीवाला: हेच म्हणतोय! बरं, टक्के ठेवा, पण वर कमाल मर्यादा घाला. काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅकनेही असंच सुचवलंय.

जर्सीकर: मर्यादा चालेल. आधी सीक्वेस्ट्रेशन काढा, मग आकडा सांगा.