मदत हवी आहे: कर्जत–लोणावळा एचओ लेआउटसाठी पुढे वाढवता येईल अशी डीसीसी (रुळांतूनच लोकोंना डिजिटल आज्ञा देणारी) यंत्रणा कोणती?

खंडाळा_एचओ

नमस्कार मंडळी.

एचओ स्केलमध्ये (१:८७) कर्जत ते लोणावळा असा घाटाचा मॉडेल रेल्वे लेआउट बांधायला घेतला आहे. खोली ३.६ × २.७ मीटर, कोड १०० फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकणारा), पॉइंट (मार्ग बदलणारे रूळ) लाइव्ह फ्रॉगचे, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडाही विजेचा. काम तीन टप्प्यांत होईल. आधी कर्जत यार्ड: ३ मीटरची एक फळी, ९ पॉइंट. मग घाट: भिंतीलगत साधारण १० मीटर धाव आणि खऱ्या बोर घाटासारखीच १:३७ चढण, म्हणजे वरच्या टोकाला २७ सेंमी उंची. शेवटी लोणावळा आणि त्यापलीकडे लपवलेला रिव्हर्स लूप (गाडी वळून त्याच रुळावर परत आणणारा फेरा).

सध्या ३ लोको आहेत. तिन्हींना ८ पिनचं सॉकेट आहे, पण डिकोडर (रुळातली आज्ञा वाचून मोटर चालवणारा लोकोतला बोर्ड) एकालाच आणि तोही आवाजाचा. पुढे १० ते १२ लोको होतील. सगळा खटाटोप बँकरसाठी आहे: कर्जतला गाडीमागे दोन इंजिनं लागणार, लोणावळ्याला सुटणार. चालवणारे दोघे, एकाकडे गाडी आणि दुसऱ्याकडे बँकर. मोठ्यात मोठी गाडी म्हणजे पुढे २ लोको, ८ आयसीएफ डबे, मागे २ बँकर.

पहिल्या टप्प्याचं बजेट डिकोडर धरून ४०,००० रुपये. आता घेतलेली वस्तू तिसऱ्या टप्प्यात अडगळीत जाऊ नये, एवढीच अट. एनसीई पॉवर कॅब, रोकोची झेड२१ आणि डीसीसी-ईएक्स ही तीन नावं समोर आहेत. काय घ्यावं, आणि वायरिंगमध्ये आत्तापासून काय करून ठेवावं?

सोल्डरवाला

लोकोंची संख्या हा निकष आधी बाजूला काढा. डीसीसीचे लांब पत्ते १०२३९ पर्यंत जातात, बारा लोको कुणालाही झेपतात. अँपिअरही नंतर बूस्टर लावून वाढतात. सहज बदलत नाही ती बस, म्हणजे कमांड स्टेशन (आज्ञा तयार करणारी पेटी), थ्रॉटल (चालकाच्या हातातला नियंत्रक), बूस्टर (करंट वाढवणारी पेटी) आणि फीडबॅक (गाडी कुठे आहे ते कळवणारे मॉड्यूल) आपापसात ज्या तारांवरून आणि ज्या भाषेत बोलतात ती. ती बदलली की थ्रॉटलपासून फीडबॅकपर्यंत सगळं बदलावं लागतं. रुळावरच्या सिग्नलचं तसं नाही. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेने १९९४ मध्ये लेन्झ या जर्मन कंपनीच्या कामावर बेतलेलं प्रमाण स्वीकारलं, तेव्हापासून कुठल्याही कंपनीचा डीसीसी डिकोडर कुठल्याही कमांड स्टेशनवर चालतो. तेव्हा डिकोडरवर खर्च करायला हात आखडू नका, तो पैसा वाया जाणार नाही.

आता तुमची तीन नावं. पॉवर कॅबमध्ये हातातला थ्रॉटलच कमांड स्टेशन असतो. तो पॅनेलमधून काढला की रुळाची वीज जाते. घाटात गाडीबरोबर चालत जायचं असेल तर ५ अँपिअरचा एसबी५ बूस्टर सोबत घ्यावाच लागेल. बिनतारी थ्रॉटलही हवा असेल तर एक अडचण आहे: त्यांचा अमेरिकन रेडिओ ९१६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आपल्याकडचा परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८. शिवाय बिनतारी उपकरण आयात करताना डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची) मंजुरी लागते, पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं. मोबाईल थ्रॉटल होऊ शकेल अशी वायफायवाली यंत्रणा भारतात सोयीची पडते ती यामुळे.

माझं मत डीसीसी-ईएक्स. आर्डुइनो मेगा २५६० (छोटा संगणक-बोर्ड), मोटर शील्ड (त्यावर बसून रुळाला वीज देणारा बोर्ड), वायफाय मॉड्यूल आणि १५ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस, एवढ्यावर पहिला टप्पा उभा राहतो. मोबाईलवर इंजिन ड्रायव्हर ॲप टाकलं की दोन फोन म्हणजे दोन थ्रॉटल. सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं, त्यामुळे एका कंपनीच्या दुकानावर तुम्ही अवलंबून राहत नाही. वाचलेले पैसे बँकरच्या चांगल्या डिकोडरवर घाला.

रूळवेडी

सोल्डरवाल्यांचा बसबद्दलचा मुद्दा पूर्ण मान्य, निष्कर्ष मात्र अर्धाच. घाटाच्या लेआउटवर स्वस्तातली एल२९८ चिपची मोटर शील्ड घेऊ नका. कागदावर ती दर चॅनेलला २ अँपिअर देते, पण १ अँपिअरलाच सुमारे २ व्होल्ट स्वतःत गिळते आणि तापते. हिशोब करा: चढावर एचओ लोको ०.४ ते ०.५ अँपिअर ओढतो. चार लोको म्हणजे २ अँपिअर, वर डब्यांचे दिवे आणि आवाज. गाडी ऐन चढावर असताना व्होल्टेज खाली येईल, बँकर मंदावतील, आणि दोष डिकोडरमध्ये शोधत बसाल. डीसीसी-ईएक्सच करायचं तर त्यांची ८८७४ शील्ड घ्या, दर चॅनेलला ५ अँपिअर मिळतात आणि व्होल्टेज जवळपास पडत नाही. पुढे दुसरी शील्ड सोल्डर-जंपर बदलून पहिलीवर बसते, म्हणजे लोणावळ्याला वेगळं चॅनेल.

साधी शील्ड निव्वळ यार्डापुरती वापरायची असेल, तर तिच्यावरचा व्हीआयएन (मेगाची वीज घेणारी पिन) जोडणारा ट्रेस (तांब्याची रेघ) आधी ब्लेडने कापायचा. तो राहिला तर रुळाचे १५ व्होल्ट थेट मेगाच्या रेग्युलेटरवर जातात आणि बोर्ड तापून मरतो. कापल्यावर मल्टिमीटरने तपासा, आणि मेगाला ७ ते ९ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर द्या.

संगणक, केबल, फर्मवेअर यांत हात घालायचा नसेल तर झेड२१. पण दोन पेट्यांतला फरक ओळखून घ्या. पांढऱ्या छोट्या झेड२१ वर एक्स-बस (थ्रॉटलसाठी) आणि आर-बस (फीडबॅकसाठी) आहेत, लोकोनेट आणि कॅन या बस नाहीत. त्यातही स्टार्ट प्रकारात वायफायचं कुलूप उघडायला वेगळा कोड घ्यावा लागतो. काळ्या झेड२१ वर लोकोनेट, कॅन, एक्स-बस, आर-बस सगळं आहे, करंट साधारण ३ अँपिअर आणि रुळाचं व्होल्टेज ॲपमधून ठरवता येतं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पुरेल ती काळी. ४०,००० मध्ये डिकोडरसकट ती बसणार नाही. पांढरी घेतलीत तर फीडबॅक आर-बसचेच घ्या: एका मॉड्यूलला ८ इनपुट, एकूण २० मॉड्यूल म्हणजे १६० नोंदी. तुमच्या लेआउटला ते पुरून उरेल.

खंडाळा_एचओ

दोघांचे आभार. सोल्डरिंग आणि आर्डुइनो जमतं, म्हणून डीसीसी-ईएक्स आणि ८८७४ शील्ड नक्की करतो. आता तीन प्रश्न: वायरिंगचे भाग कसे पाडू? पॉइंट कशाने हलवू? आणि बँकर कन्सिस्टमध्ये (एकत्र चालणाऱ्या लोकोंच्या गटात) ठेवू की सुटे?

सोल्डरवाला

वायरिंग आजच तिसऱ्या टप्प्याचं समजून करा. यार्ड, घाट, लोणावळा आणि लूप असे चार भाग. भागांच्या सीमेवर दोन्ही रुळांत प्लॅस्टिकच्या फिशप्लेट (रूळजोड) घाला. सुरुवातीला चारही भागांच्या तारा एकाच चॅनेलला जोडा, पण टर्मिनल ब्लॉकवर वेगवेगळ्या आणा. उद्या शील्ड वाढली की तारा फक्त स्क्रूने हलवायच्या, फळीखाली शिरायला नको.

मुख्य बस (इथे रुळाला वीज नेणाऱ्या दोन तारा) घरगुती २.५ चौरस मिमी वायरची, लाल आणि काळी, एकमेकांभोवती सैल पीळ देऊन. फीडर (बसपासून रुळापर्यंतच्या तारा) ०.५ चौरस मिमी, ३० सेंमीपेक्षा लांब नको. फ्लेक्स ट्रॅकच्या प्रत्येक ९० सेंमी तुकड्याला फीडरची स्वतंत्र जोडी, रुळाच्या बाहेरच्या अंगाला झाळलेली. फिशप्लेटमधून वीज जाईल यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात तिथे ऑक्साइड धरतो आणि लोको नेमका सांध्यावर अडखळतो. बस १० मीटरच्या पुढे गेली की शेवटच्या टोकाला १०० ओहम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर एकामागोमाग जोडून दोन तारांच्या मध्ये लावा. लांब तारेवर सिग्नलच्या कडेला व्होल्टेजच्या टोकदार उसळ्या येतात, त्या डिकोडरला मारतात.

मग नाण्याची चाचणी. प्रत्येक तुकड्यावर दोन रुळांवर आडवं नाणं टाका, शील्डने लगेच वीज तोडली पाहिजे. एखाद्या जागी तोडली नाही तर तिथपर्यंतच्या तारेचा किंवा झाळणीचा रोध जास्त आहे. अशा ठिकाणी डबा रुळावरून घसरला की ५ अँपिअर वाहत राहतात आणि बोगीचं प्लॅस्टिक वितळतं. ही चाचणी सगळीकडे पास झाल्याशिवाय लोको ठेवू नका. एचओला एका भागाला ५ अँपिअरपेक्षा जास्त देऊ नका, तेही यासाठीच.

रिव्हर्स लूपचे दोन्ही टोकांचे दोन्ही रूळ तोडायचे, म्हणजे चार गॅप. तुटक भाग त्यात शिरणाऱ्या गाडीपेक्षा लांब हवा. १:८७ ला आयसीएफ डबा २४५ मिमी, आठ डबे म्हणजे १.९६ मीटर, वर दोन लोकोंचे सुमारे ४० सेंमी. बँकर लोणावळ्यालाच सुटलेले असतील, म्हणून २.६ मीटरचा भाग पुरे. ६० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघच ३.७७ मीटर येतो. ऑटो-रिव्हर्सर (लूपमधल्या विजेचा ध्रुव आपोआप उलटवणारा) घेतलात तर त्याची ट्रिप मर्यादा चॅनेलच्या मर्यादेपेक्षा खाली ठेवा. नाहीतर तो ध्रुव उलटवायच्या आत शील्डच बंद पडते आणि गाडी गॅपवर उभी राहते.

रूळवेडी

पॉइंटसाठी सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर). एसजी९० प्रकारचे ९ सर्वो आणि १६ चॅनेलचा पीसीए९६८५ बोर्ड. डीसीसी-ईएक्समध्ये पहिला बोर्ड १०० ते ११५ या आभासी पिनांवर आपोआप येतो, दुसरा ११६ ते १३१ वर. त्याचा पत्ता तेवढा झाळून बदलायचा. सर्वोला वीज मेगाच्या ५ व्होल्ट पिनमधून कधीही देऊ नका. बोर्डाच्या स्क्रू टर्मिनलला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या आणि ग्राउंड एक करा. मेगा ते बोर्ड ही आय२सी (संदेश नेणारी) तार अर्ध्या मीटरच्या आत, रुळाच्या बसपासून दूर. ती लांबली की सर्वो आपोआप थरथरतात. लोणावळ्यासाठी लांब आय२सी ओढायच्या फंदात पडू नका, तिथे डीसीसी ॲक्सेसरी डिकोडर लावा. तो रुळाच्या बसमधूनच आज्ञा घेतो.

लाइव्ह फ्रॉगला ध्रुव बदलणारा स्विच लागतोच. सर्वोच्या कंसावर मायक्रोस्विच बसवा: सामाईक टोक फ्रॉगला, उरलेली दोन एकेका रुळाला. पात (पॉइंटचा हलणारा रूळ) हलण्याआधी स्विच पलटला तर क्षणभर शॉर्ट होऊन पूर्ण यार्ड बंद पडतं. म्हणून स्विचची जागा अशी धरा की पात मध्यावर आल्यावर टिक वाजेल.

डबलहेडर

बँकरबद्दल. पुढची जोडी एक कन्सिस्ट, मागची जोडी दुसरा, असं ठेवा आणि दोन कन्सिस्ट दोन फोनवर. चारही लोको एकाच कन्सिस्टमध्ये घातले तर दुसऱ्या चालकाला काम उरत नाही आणि लोणावळ्याला बँकर सोडताना कन्सिस्ट मोडत बसावं लागतं. कन्सिस्ट सीव्ही १९ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधलं क्रमांकाचं सेटिंग) लिहिला तर जोडीतल्या दोन्ही लोकोंना एकच क्रमांक, उलट तोंडाच्या लोकोला त्यात १२८ मिळवून. सोडताना सीव्ही १९ ला शून्य. ते राहून गेलं की लोको स्वतःच्या पत्त्याला वेग देत नाही, आणि डिकोडर जळला असं वाटतं. हॉर्न आणि दिवे कन्सिस्टच्या क्रमांकावर हवे असतील तर सीव्ही २१ आणि २२ भरा.

जोडी लावण्याआधी वेग जुळवा. चारही लोकोंना सीव्ही ३ आणि ४ सारखे. मग सपाट रुळावर २ मीटर अंतराची वेळ मोजून सीव्ही २, ६ आणि ५ ने सुरुवात, मध्य आणि कमाल वेग बसवा. सर्वांत मंद लोको प्रमाण धरायचा, बाकीचे त्याच्यापर्यंत खाली आणायचे. एकाच कंपनीचे डिकोडर घेतलेत तर निम्मं काम वाचतं, कारण भार पाहून वेग राखण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते आणि दोन वेगळे डिकोडर एका जोडीत एकमेकांशी झुंजतात.

मागून ढकलताना बँकरचा वेग गाडीपेक्षा एक पायरी खालीच राहू द्या, १२८ पायऱ्यांतली. बँकर वरचढ झाला की वळणावरचा हलका डबा बाहेर उचलला जातो. एनएमआरएची शिफारस एचओला १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. २४५ मिमीच्या डब्याला हे सुमारे १६५ ग्रॅम भरतं. आठही डबे काट्यावर तोलून घ्या, वजन तळाशी चिकटवा, छताखाली नको.

खंडाळा_एचओ

डबे १२० ग्रॅमच्या आसपास आहेत, वाढवतो. एक अडचण लगेच आली आहे. आवाजाच्या डिकोडरवाला लोको प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरचं सेटिंग वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर) वाचताच येत नाही. मुख्य रुळावर पत्ता ३ वर नीट चालतो.

सोल्डरवाला

वाचताना डिकोडर उत्तर म्हणून मोटर क्षणभर चालवतो: निदान ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. तेवढी उसळी दिसली नाही तर वाचन फसतं. आवाजाच्या डिकोडरवर वीज टिकवणारा मोठा कपॅसिटर असेल तर तो भरतानाच करंट ओढत राहतो आणि उसळी झाकली जाते. लेआउट सुरू करताना शील्ड ट्रिप होते तीही बहुधा अशाच कपॅसिटरांमुळे. त्याची एक वायर तात्पुरती सोडवा, चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि लोको बोटाने किंचित दाबून धरत पुन्हा वाचा. तरीही नाही जमलं तर मुख्य रुळावर पत्ता ३ वरूनच सीव्ही लिहा, लिहायला उत्तर लागत नाही. फक्त त्या वेळी पत्ता ३ चा दुसरा लोको रुळावर नको, नाहीतर दोघांचंही सेटिंग बदलेल. लांब पत्ता देताना सीव्ही १७ आणि १८ हाताने भरू नका, जेएमआरआय या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधल्या डिकोडर प्रोला करू द्या. सीव्ही २९ मधला लांब पत्त्याचा बिटही तोच चढवतो.