काजवे संपले तरी गावं असतातच

काजव्यांचा मोसम सरला की भंडारदऱ्याच्या गावांत काही उरत नाही, असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं कोरीव मंदिर, साम्रदजवळ सांदण दरी, बारीतून १६४६ मीटरच्या कळसूबाईची वाट. पण खरं मोल तिथल्या घरांचं. चुलीवरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि जेवताना महादेव कोळी आदिवासींच्या घरांतून ऐकायला मिळणाऱ्या भातलावणीच्या, हिरडा गोळा करण्याच्या गोष्टी! जेवणाचं आधी कळवा, वाटाड्या गावातलाच घ्या, त्याच्याशी घासाघीस नको. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरू नका, लोंढा अचानक येतो. काजवे बघताना टॉर्च बंदच ठेवा. उजेडात नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.