मदत हवी आहे: फझी लॉजिकने अमोनिया प्लांटची जोखीम ठरवताना दोन ठिकाणी अडलोय

नमस्कार मंडळी,

दूध प्रकल्पातल्या अमोनिया रेफ्रिजरेशनची सुरक्षा माझ्याकडे आहे. आजवर आम्ही एफएमईए (बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम तपासण्याची पद्धत) करत आलो. तीव्रता, वारंवारता आणि बिघाड आधी लक्षात येण्यातली अडचण, प्रत्येकाला १ ते १० गुण, आणि तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन, जोखमीचा प्राधान्य-अंक. त्यात रिसीव्हरची (द्रव अमोनियाच्या टाकीची) लिक्विड लाइन फुटणे (१०×२×५) आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडी गळती (४×५×५), दोन्हींचा आकडा १००! पहिल्यात माणसं जाऊ शकतात, दुसऱ्यात सील बदललं की भागतं. हे पटेना म्हणून फझी लॉजिककडे वळलो, म्हणजे ‘विरळ’, ‘मध्यम’ असे शब्द कमी-जास्त प्रमाणात लागू धरून हिशोब करायचा.

‘जर-तर’ नियमांवर चालणारी ममदानी पद्धत घेतली. प्रत्येक इनपुटला पाच त्रिकोणी गट (‘विरळ’, ‘मध्यम’ असे, आलेखावर त्रिकोण दिसणारे), म्हणजे १२५ नियम. आउटपुट ० ते १०, सेंट्रॉइडने (आकृतीच्या गुरुत्वमध्यावरून) काढलेलं.

तिन्ही इनपुट १० दिले तरी उत्तर ९.१७ च्या वर जात नाही. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, चूक सापडत नाही.

दुसरी अडचण जास्त सतावते आहे. ‘तीव्रता प्राणघातक, वारंवारता विरळ, शोध (बिघाड आधी लक्षात येण्यातली अडचण) मध्यम’ या नियमापुढे काय लिहायचं? वरिष्ठ म्हणतात, ‘मध्यम’, इतक्या वर्षांत लाइन फुटलेली नाही. ऑपरेटर म्हणतात, ‘अतिउच्च’, कारण व्हॉल्व्ह बंद करायला आत त्यांनाच जावं लागतं. त्यांचं म्हणणं मला डावलायचं नाही. सरासरी काढून ‘उच्च’ लिहू का?

प्रतिसाद:

९.१७ बरोबरच आहे. तुमचा शेवटचा गट ७.५ ते १० असा काटकोन त्रिकोण असणार, त्याचा सेंट्रॉइड तिथेच पडतो. तो गट १२.५ पर्यंत आणि पहिला उणे २.५ पर्यंत न्या, आउटपुटची पट्टीही तेवढी लांबवा. मग दोन्ही टोकं गाठता येतील.

सरासरी मात्र नको. विरळ घटनेबाबत एकाच प्लांटचा अनुभव पुरत नाही, त्यामुळे ‘आजवर फुटली नाही’ याला फार वजन देऊ नका. तीव्रता ९ किंवा १० असेल तर उत्तर ‘उच्च’च्या खाली जाणारच नाही, असं नियमांतच बांधून टाका. एखादं इनपुट वाढवल्यावर जोखीम कमी दिसते का, तेही १२५ नियमांत बघा. अशा विसंगती हमखास राहतात.

ऑपरेटर सांगताहेत ते तर गुणांच्या पलीकडचं आहे. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया म्हणजे जिवाला तत्काळ धोका, आणि फुटलेल्या लाइनजवळ तेवढं सहज होतं. ती लाइन बाहेरून बंद करता येईल असा व्हॉल्व्ह तुमच्याकडे आहे का? नसेल तर मॉडेल पूर्ण व्हायची वाट न बघता तो आधी मागून घ्या.