मदत हवी आहे : सकलातवालांचा १९२७चा मुंबई दौरा

नमस्कार मंडळी. जमशेटजी टाटांचा भाचा, मुंबईत जन्मलेला, आणि ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार! शापूरजी सकलातवाला लंडनच्या उत्तर बॅटरसीतून १९२२ आणि १९२४ साली निवडून आले. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कात केलेल्या भाषणापायी दोन महिने तुरुंगात गेले, तरी नमले नाहीत. मला हा माणूस फार मोठा वाटतो. १९२७ साली ते हिंदुस्थानात आले, गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहारात भिडले. पुढे सरकारने त्यांना परत येऊच दिलं नाही.

त्या दौऱ्यातल्या मुंबईच्या सभांच्या मराठी बातम्या मला हव्या आहेत. गिरणगावात ते बोलले होते का? तेव्हाचे अंक कुठे चाळायला मिळतील? कुणाच्या घरी कात्रणं असतील तर कृपया कळवा.